दुसऱ्या मजल्यासाठी शिडी कशाला? सोसायट्यांच्या समित्यांना एका काच पुसणाऱ्याचे खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य,
पुणे व पिंपरी-चिंचवडमधील गृहनिर्माण सोसायट्या,
तसेच ऑफिसच्या इमारती सांभाळणारे फॅसिलिटी मॅनेजर

विषय : पाच-सहा मजल्यांपर्यंतच्या बाहेरच्या काचा जमिनीवर उभे राहून धुण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी गेली २२ वर्षे पुण्यात काचा पुसतो. पहिली ९ वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली दोरावर आणि शिडीवर काढली, नंतर माझी स्वतःची माणसे घेऊन कामे घेऊ लागलो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या काचेच्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या, त्यांच्यावर लोंबकळलोही. कोथरूड-कर्वेनगरच्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्याही मला तितक्याच ओळखीच्या आहेत.

दरवर्षी गणपती उठले की तुमची पत्रे यायला लागतात. दिवाळीच्या आधी इमारत धुऊन हवी असते. प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असते : ‘शिडी, दोर, झुला यांची व्यवस्था ठेकेदाराने करावी.’ ही ओळ बदलावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

आधी एका माणसाबद्दल सांगतो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही. माझ्याहून तो चार वर्षांनी लहान, मराठवाड्यातून आलेला, दोरावर एकदम शांत. चौदाव्या मजल्यावर बसून डबा खाणारा गडी. तिथे त्याला कधी खरचटलेही नाही. तो पडला तो एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्याची काच पुसताना. खाली पार्किंगला गुळगुळीत टाइल्स होत्या. शिडीच्या आकड्याला लावलेली बादली कलंडली, साबणाचे पाणी खाली सांडले, शिडीचा पाय सरकला. शिडी धरायला उभा केलेला वॉचमन त्याच वेळी गेट उघडायला गेला होता. पंधरा-सोळा फुटांवरून तो दोन्ही पायांवर आला. दोन्ही टाचांची हाडे चुरली आणि कमरेचा एक मणका दबला. सोसायटीने सांगितले, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदाराने सांगितले, माणूस रोजंदारीवरचा. मी तेव्हा त्याच ठेकेदाराकडे होतो आणि मीही गप्प बसलो. आज तो गावी भावाच्या शेतात बसून होईल ते काम करतो. ओझे उचलता येत नाही त्याला. महिन्या-दोन महिन्यांनी आमचा फोन होतो.

त्यानंतर बराच काळ मी या गोष्टीचा विचार केला. चौदाव्या मजल्यावर त्याच्या अंगावर हार्नेस म्हणजे शरीराला बांधायचा सुरक्षा पट्टा होता, एक कामाचा दोर, एक जीवाचा दोर, गच्चीवर दोराची गाठ तपासणारा माणूस, खाली पट्टी लावून अडवलेली जागा. दुसऱ्या मजल्यावर यातले काहीच नव्हते. का नव्हते? ‘दुसरा मजला तर आहे!’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे, स्वतःही बोललो आहे. उंचीची भीती वाटते तिथे आपण सावध असतो. जिथे भीती वाटत नाही तिथे पाय घसरतो. आणि कमी उंचीच्या याच मजल्यांवर आज माणूस चढवायची गरजच राहिलेली नाही.

आता काम कसे चालते ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही आणि न पाहता त्यावर विश्वास बसणे अवघड आहे.

एक लांब काठी असते, नळीत नळी बसावी तशी उघडणारी. तिच्या टोकाला ब्रश. ब्रशमध्ये बारीक तोट्या. काठीच्या आतून पातळ नळी जाते आणि त्या तोट्यांतून पाणी काचेवर पडते. माणूस खाली जमिनीवर उभा राहून काच ब्रशने घासतो, मग त्याच पाण्याने ती वरून खाली धुऊन काढतो आणि पुढच्या खिडकीकडे जातो. साबण नाही, वायपर नाही, फडके नाही. काच ओलीच सोडायची. ती आपोआप वाळते आणि तिच्यावर डाग राहत नाही.

शेवटचे वाक्य वाचून तुम्ही मान हलवली असेल. मीही हलवली होती. आपल्या घरात काच वर्तमानपत्राच्या बोळ्याने खसखसून कोरडी करायची, ही आईची शिकवण. ओली काच सोडली की ठिपके पडणारच. पण ठिपके पाण्याचे नसतात. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात, तो पांढरा ठिपका. बाथरूमच्या नळावर जो थर बसतो तोच. पाण्यातले क्षार आधीच काढून टाकले तर मागे राहायला काही उरत नाही. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत जे पाणी घालतात ना, तसले पाणी आम्ही काचेवर वापरतो. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा टीडीएस मीटर खिशात असतो. कामाला सुरुवात करताना तो ० दाखवतो. आकडा १० च्या वर गेला की आम्ही काम थांबवतो.

हे पाणी तयार होते ते रेझिनच्या टाकीत. आत मोहरीहून बारीक दोन प्रकारचे मणी मिसळलेले असतात. एक प्रकार कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून ठेवतो, दुसरा क्लोराइड, सल्फेट. बदल्यात दोघे जे सोडतात ते एकत्र आले की पाणीच होते. मला ही गोष्ट समजली त्या दिवशी फार आनंद झाला होता. बारावी सायन्स अर्धवट सोडले होते, त्यातले एवढे तरी हाताला लागले. रेझिन संपले की मीटरबरोबर नाकालाही कळते : पाण्याला माशासारखा वास येतो.

‘आमच्या सोसायटीत आरओ आहे, तेच पाणी घ्या,’ असे प्रेमाने सांगणारे सदस्य भेटतात. त्यांना माझी विनंती, तो मोह टाळा. पिण्याच्या आरओतले पाणी चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार ठेवून दिलेले असते. पिण्याला ते चांगले, काचेवर त्याचे ठिपके उमटतात. एका इमारतीची पूर्ण पश्चिम बाजू आम्ही अशा पाण्याने धुतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने परत धुतली.

पुण्यात पाण्याचा हिशेब इमारतीगणिक बदलतो, आणि तुमच्या खर्चाचा सगळा भाग इथेच ठरतो. खडकवासल्याकडून येणारे महापालिकेचे पाणी तसे हलके आहे. माझ्या मीटरवर ते बहुतेक ठिकाणी १०० च्या आसपास दिसते. असे पाणी थेट रेझिनमधून सोडले तरी चालते, एक थेंब वाया जात नाही. टँकरवर किंवा बोअरवर जगणाऱ्या सोसायट्यांत गोष्ट वेगळी. आपल्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड. ८०० चा आकडा मी अनेकदा पाहिला आहे. १०० च्या पाण्यावर रेझिनची टाकी जेवढी चालते, त्याच्या आठव्या हिश्शात ती ८०० च्या पाण्यावर संपते. म्हणून तिथे आधी आरओ आणि मग रेझिन असे दोन टप्पे घ्यावे लागतात. आरओ आला की बाहेर टाकायचे पाणीही आले, आणि ते चांगल्या पाण्याइतके किंवा त्याहून जास्त निघते.

उन्हाळ्यात दारात टँकरची रांग असताना काचांवर पाणी ओतणे शोभते का, असे एका बाईंनी मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून मी पुढच्या कामात मोजले. काठीतून मिनिटाला दीड ते दोन लिटर पाणी जाते. चार मजली, ३२ फ्लॅटची इमारत, साधारण ९६ खिडक्या. एकूण ३५० लिटरच्या आसपास लागले. जुन्या पद्धतीने बादल्या बदलत तेच काम केले तेव्हा २०० च्या आत भागत असे. म्हणजे पाणी जास्त लागते, हे मी लपवत नाही. पण शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून योजना आखतात. त्या हिशेबाने ३२ कुटुंबांच्या सगळ्या काचा धुवायला तीन माणसांचे एका दिवसाचेही पाणी लागले नाही. पार्किंगमध्ये नळी सोडून अर्धा तास गाडी धुणाऱ्याने याच्याइतके पाणी सहज घालवलेले असते.

तरीही उन्हाळ्यात आम्ही आरओ लावून काम करत नाही. जिथे आरओ लावतो तिथे बाहेर पडलेले पाणी ड्रममध्ये धरतो. ते जिने धुवायला, खालच्या संडासांना वापरा. कुंड्यांना मात्र घालू नका. त्यात क्षार मूळ पाण्याच्या दुपटीपर्यंत वाढलेले असतात, झाडे मलूल होतात. आणि पावसाळ्यात गच्चीवरून उतरणारे पाणी, पहिल्या काही सरी सोडून दिल्यानंतरचे, इतके हलके असते की साध्या गाळणीतून काढून थेट रेझिनला देता येते. रेझिनची टाकी मग कितीतरी दिवस पुरते. ज्या सोसायट्यांनी पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधल्या आहेत त्यांनी त्यातले हजार लिटर दसऱ्यापर्यंत राखून ठेवले, तर दिवाळीच्या काचा त्यातच निघतात.

पहिल्या धुण्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर भांडण होते. वर्षानुवर्षे साबण लावलेल्या काचेवर साबणाचा पातळ थर असतो आणि धूळ त्यालाच चिकटते. फ्रेमच्या खोबणीत, रबरात, स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत माती भरलेली असते. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची पूड. पहिल्यांदा काठीने धुतले की ही घाण हळूहळू बाहेर येत राहते आणि वाळलेल्या काचेवर ओघळ दिसतात. म्हणून पहिल्या वेळी आम्ही प्रत्येक खिडकी दोनदा धुतो : आधी वरची फ्रेम आणि पट्ट्या, पाणी निथळू द्यायचे, मग काच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून काम झपाट्याने होते, कारण साबणाचा थर गेलेला असतो आणि धूळ पूर्वीइतकी धरत नाही. ज्या समितीने एकाच फेरीवरून ‘हे काही खरे नाही’ म्हणून आम्हाला परत पाठवले, त्यांचा मला राग नाही. आम्हीच त्यांना आधी सांगायला हवे होते.

आणखी एक. काच ओली दिसली की घरातल्या कुणाला राहवत नाही. आम्ही खाली पुढच्या खिडकीला लागतो, तेवढ्यात वरून एक हात फडके घेऊन बाहेर येतो आणि पुसतो. झाले, फडक्याची धूळ काचेवर आली. त्यातून ती व्यक्ती खिडकीतून बाहेर वाकलेली असते, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. कृपा करून सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी दोन ओळी टाका : खिडक्या बंद ठेवा, आणि काचेला तासभर हात लावू नका.

दुपारच्या उन्हाचाही फायदा सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या काचेवर साबण लावला तर वायपर फिरवायच्या आत तो वाळतो आणि पट्टे उठतात. म्हणून पूर्वी आम्ही सकाळी पूर्वेच्या आणि दुपारी पश्चिमेच्या काचांपासून पळत असू. शुद्ध पाण्याला उन्हाचे भय नाही. वाळले तर वाळले.

आता जिथे काठी चालत नाही ते.

बॉक्स ग्रिल. पुण्यातल्या कितीतरी घरांना ती आहे. आत तुळस, कढीपत्ता, वाळत घातलेले पायपुसणे, जुनी सायकल. तिथे बाहेरून काठी पोचते पण ब्रश काचेला टेकत नाही. अशा खिडक्या आतूनच पुसाव्या लागतात, आणि त्या घरातल्यांनी स्वतः ग्रिलमध्ये उतरून पुसू नयेत, एवढेच सांगेन. डासांच्या जाळीचेही तसेच. जाळी काढून ठेवली तर काच धुता येते, नाहीतर जाळीतली धूळ काचेवर उतरते. लाकडी फ्रेमच्या जुन्या खिडक्या, ज्यांचे लांबी-पुट्टी निघालेले आहे, त्यांच्यातून पाणी घरात शिरते. तिथे आम्ही आधी एक खिडकी करून बघतो. कबुतरांची वाळलेली घाण एका फेरीत जात नाही, तिला आधी भिजू द्यावे लागते. आणि बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षे चढलेले जे डाग काचेत मुरले आहेत, ते शुद्ध पाण्याने निघत नाहीत. त्यासाठी वेगळे औषध आणि हाताने घासणे लागते. कुणी ठेकेदार तुम्हाला ‘काठीने सगळे जाते’ म्हणून सांगत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

वीज हा विषय मात्र वेगळा आणि गंभीर आहे. चांगली काठी कार्बन फायबरची असते, कारण ती हलकी आणि ताठ असते. कार्बनमधून वीज वाहते. ॲल्युमिनियममधून तर वाहतेच. फायबर ग्लासची कोरडी काठी वीज वाहत नाही, पण आमची काठी कोरडी कधीच नसते. पेठांमध्ये, जुन्या चाळींच्या बोळांत डोक्यावरून तारा गेलेल्या आहेत. तारा दिसल्या की तिथे आम्ही काठी उघडत नाही, मग समितीने कितीही आग्रह धरो. काम गेले तरी चालेल. हा नियम मोडणाऱ्या ठेकेदाराला तुम्हीच थांबवा, कारण त्याचा माणूस बोलणार नाही.

उंचीचे सांगायचे तर ४५ फुटांची काठी राहत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यापर्यंत आरामात जाते. ६५ फुटांची काठी पाचवा-सहावा मजला गाठते, पण ती हाताळायला सराव हवा. स्वस्त काठी पन्नास फुटांवर गळाच्या काठीसारखी वाकते आणि ब्रश कुठे टेकतोय ते खाली कळत नाही. त्याच्या वरच्या मजल्यांना आजही दोर किंवा झुला लागतो. तिथे माझे म्हणणे एवढेच की दोन दोर वेगवेगळ्या जागी बांधलेले हवेत, हार्नेस आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला हवा, कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली संरक्षण हवे. गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपाला दोर बांधलेला दिसला तर काम थांबवा. तो पाइप तुमच्या पाण्यासाठी बसवलेला आहे, माणसाच्या वजनासाठी नाही.

जमिनीवरचे काम म्हणजे आरामाचे काम, असेही समजू नका. दिवसभर वर बघून मान आणि खांदे भरून येतात. पहिल्या महिन्यात माझी स्वतःची मान इतकी धरली की गाडी चालवताना मागे वळता येईना. आता आम्ही दर अर्ध्या तासाला हात बदलतो, भिंतीला चिकटून न उभे राहता थोडे मागे सरकून काम करतो, आणि पूर्ण लांबीची काठी एकट्याच्या हातात देत नाही. म्हणून एका माणसाचे पैसे देऊन पाचव्या मजल्याचे काम मागू नका. दुसरा माणूस खालची जागा अडवतो, पायाखालची नळी सांभाळतो, मुलांना दूर ठेवतो. शाळा सुटल्यावर पोरे या काठीभोवती जमतातच. त्यांना ती बघायची असते, आणि मला दाखवायलाही आवडते, पण दोरीच्या बाहेरून.

‘यंत्र आले की माणसे जातील,’ असे मला माझ्याच माणसांनी विचारले होते. आमच्याकडे आठ जण होते, आज नऊ आहेत. एका इमारतीला पूर्वी चार माणसे लागत, आता दोन पुरतात. त्यामुळे एका दिवसात दोन इमारती होतात. ज्यांची पन्नाशी आली होती आणि ज्यांना शिडीवर पाठवताना माझा जीव खालीवर व्हायचा, ते आता निर्धास्त काम करतात. नवीन आलेल्यांत दोन बायका आहेत. हाउसकीपिंगमध्ये फरशी पुसणे हेच बायकांचे काम असे ठरून गेलेले आहे. बाहेरच्या काचेचा जास्तीचा रोज दोरावरच्या पुरुषांना मिळायचा. आता त्या दोघी काठी चालवतात आणि तोच रोज घेतात. त्यातल्या एकीचा हात माझ्याहून साफ आहे. वरच्या कोपऱ्यात ब्रश वळवून फ्रेमची पट्टी काढणे तिने दोन दिवसांत शिकले, मला दोन महिने लागले होते.

वायपर मी टाकून दिलेला नाही, आणि देणारही नाही. आतल्या काचांना अजून तोच लागतो. घरात नळी घेऊन कोण जाणार? रबर नवे असेल, काचेवर पाणी बेताचे असेल आणि मनगट सैल असेल तर एका नागमोडी झटक्यात पूर्ण काच निघते, कडेला एक थेंब राहत नाही. ते कसब शिकायला वर्ष जाते. दुकानांच्या खालच्या काचा, लॉबीचे दरवाजे, आरसे हे सगळे हातानेच होते. माझा वाद त्या हाताशी नाही. तो हात वापरण्यासाठी माणसाला ओल्या टाइल्सवर टेकवलेल्या शिडीच्या टोकाला उभे करण्याशी आहे.

इंग्लंडमध्ये घरे दोन-तीन मजली, त्यामुळे खांद्यावर शिडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा काच पुसणारा ही तिथली जुनी ओळख. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम आले. त्यांचा क्रम साधा आहे. उंचीवर जाणे टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर पडणार नाही अशी सोय करा. तीही पूर्ण होत नसेल तर पडल्यावर इजा कमी होईल असे बघा. शिडीवर बंदी घातलेली नाही. पण ज्या कामासाठी जमिनीवरून पोचता येते, तिथे माणूस वर का चढवला याचे उत्तर काम देणाऱ्याला द्यावे लागते. आज तिथे काठीने धुतलेल्या खिडक्या ही रोजची गोष्ट आहे.

आपल्याकडे काम देणारे म्हणजे तुम्ही. ठेकेदार काठी आणत नाहीत, कारण तुम्ही ती मागत नाही. चांगली काठी एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीला येते. त्यावर टाकी, पंप, रेझिन. शिडी तर गोदामात पडलेली असते. सगळ्यात कमी दराच्या निविदेला काम द्यायचे असे ठरलेले असेल तर शिडीवाला दरवेळी जिंकतो, कारण त्याच्या दरात पडणाऱ्या माणसाचा खर्च धरलेला नसतो. तो खर्च कुणाच्या तरी गावाकडच्या घरी जातो.

म्हणून मागणी अशी. तुमच्या पत्रातली ती ओळ काढा आणि तिच्या जागी लिहा : ‘ज्या खिडक्यांपर्यंत जमिनीवरून पोचता येते, तिथे माणूस वर चढवू नये.’ बाकी तपशील ठेकेदारावर सोडा. दर मागवताना सहा मजल्यांपर्यंतचा आणि त्यावरचा असे दोन वेगळे मागवा, म्हणजे कुणी वरच्या दोरकामासाठी म्हणून आलेला माणूस खालीही लटकवणार नाही. आम्हाला एक नळ, पंपाला एक प्लग आणि ड्रम ठेवायला कोपरा द्या. कामगारांचा विमा आहे का, हे ठेकेदाराला विचारताना कागद बघायला मागा. तोंडी ‘हो’ वर थांबू नका. आणि शक्य असेल तर सगळे काम दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत कोंबू नका. त्या आठवड्यात पुण्यातला प्रत्येक काच पुसणारा रात्रीपर्यंत धावत असतो, आणि दमलेला माणूसच चुकतो. वर्षातून एकदा खसाखसा करण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी हलके धुतले तर काचही जास्त दिवस स्वच्छ राहते आणि एका वेळी पाणीही कमी लागते.

ज्या समितीला शंका आहे तिने आपल्या भागातल्या काठीवाल्या ठेकेदाराला बोलावून इमारतीची एकच बाजू करून घ्यावी. शिडीवाल्याला दुसरी बाजू द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, काचेवर तिरपे ऊन पडते तेव्हा, दोन्ही बाजू खालून बघाव्यात. मग ती ओळ लिहायची की नाही ते मीटिंगमध्ये ठरवा. गणपतीनंतरची पत्रे टाइप व्हायला अजून वेळ आहे.

आपला नम्र,
एक काच पुसणारा, पुणे